मिठाचा पडदा

अंटार्क्टिकाभोवतीच्या थंडगार समुद्रात माणसाच्या उंचीएवढी काही नळकांडी वर-खाली करत असतात. दोन हजार मीटर खोल जायचे, वर येताना पाण्याचे तापमान, क्षार, प्राणवायू मोजायचे, पृष्ठभागावर डोके काढून उपग्रहाला आकडे कळवायचे आणि पुन्हा बुडी मारायची. साधारण दहा दिवसांची ही एक फेरी. यांतल्या कित्येक नळकांड्यांवर पाण्याचा पीएच मोजणारा एक ट्रान्झिस्टर बसवलेला असतो, थेट खाऱ्या पाण्याला भिडलेला. औद्योगिक युग सुरू झाल्यापासून समुद्राच्या पृष्ठभागाचा पीएच सुमारे ८.२ वरून ८.१ पर्यंत उतरला आहे. इतका बारीक उतार टिपण्याचे काम ज्याच्यावर सोपवले, तो खात्रीचाच असणार.

त्याच जातीचा ट्रान्झिस्टर रक्ताच्या थेंबात घातला की अडखळतो. दर काही महिन्यांनी वर्तमानपत्रात बातमी येते: अमुक विद्यापीठात संवेदक तयार, एका थेंबात कर्करोग ओळखणार, पाच मिनिटांत आणि थोडक्या पैशांत. बातमी खोटी नसते. पण ते उपकरण तालुक्याच्या दवाखान्यात काही येत नाही, आणि पुढल्या वर्षी दुसऱ्या विद्यापीठाची तशीच बातमी येते. समुद्र तर रक्तापेक्षा कितीतरी खारट. तिथे टिकणारे यंत्र इथे का डगमगते? हे नीट समजले, तर या संशोधनावर सरकारी पैसा कुठे लावावा आणि कुठे हात आखडता घ्यावा, याचाही अंदाज येतो.

ट्रान्झिस्टर समजायला पाटाचे पाणी डोळ्यांपुढे आणावे. एका टोकाने वीज येते, दुसऱ्या टोकाने निघून जाते आणि मधल्या पाटावर एक दार असते. त्याचे नावही गेटच. मात्र हे दार पाटात उतरत नाही. पाटावर काचेसारखा एक अतिपातळ थर असतो, त्याच्या वर ते बसते आणि त्याच्यावरचा विद्युतभार बदलला की खालचा प्रवाह कमी-जास्त होतो. १९७० मध्ये नेदरलँड्समधल्या एन्स्केडे इथे पीट बर्गफेल्ड या संशोधकाने या दाराचा धातूच काढून टाकला आणि त्या जागी द्रव येऊ दिला. मज्जातंतूंच्या आसपास आयनांची जी ये-जा चालते ती त्यांना मोजायची होती. द्रवातले हायड्रोजनचे आयन त्या पातळ थराला चिकटले किंवा सुटले, की दारावरचा भार बदलतो आणि प्रवाह हलतो. रंग नाही, प्रकाश नाही, भिंग नाही. रसायनाचे थेट विजेत भाषांतर. याचे आकर्षण इंजिनिअरांना का वाटावे, हे सांगायला नको.

या भाषांतराची एक मर्यादा पहिल्यापासूनच ठरलेली आहे. पीएच एका अंकाने बदलला, म्हणजे आयन दहापट झाले किंवा दहावा हिस्सा उरले, तर मिळणारा संकेत खोलीच्या तापमानाला फार तर ५९ मिलिव्होल्ट. निरोगी माणसाच्या धमनीतल्या रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ एवढ्याच पट्ट्यात राहतो. म्हणजे निरोगीपणाची सगळी हद्द जेमतेम सहा मिलिव्होल्टांत मावली. आता समजा, द्रवात बसून बसून संवेदकाचे वाचन तासाला एका मिलिव्होल्टने आपोआप सरकते आहे. सहा तासांत तो निरोगी माणसाला आजारी ठरवील. असे सरकणे हा या जातीचा जुना दोष आहे. समुद्रातल्या नळकांड्यांनाही तो चुकलेला नाही. पण तिथे तळाकडच्या पाण्याचा पीएच फारसा बदलत नाही, त्याच्याशी ताडून बाकीचे आकडे दुरुस्त करता येतात. माणसाच्या शरीरात असे स्थिर तळाचे पाणी कुठून आणायचे?

तरीही माणसे थांबली नाहीत, आणि थांबायला नकोच होते. १९८० मध्ये कॅरस आणि यानाटा या अमेरिकेतल्या दोघा संशोधकांनी दारावर पेनिसिलिन फोडणाऱ्या एन्झाइमचा थर दिला. पेनिसिलिन फुटले की आम्ल सुटते, आम्ल सुटले की ट्रान्झिस्टरला कळते. हीच युक्ती युरियाला, ग्लुकोजला लागू झाली. अडचण एवढीच, की रक्त हे आम्ल पचवण्यात पटाईत असते; सुटलेले आयन ते गिळून टाकते आणि संकेत दबतो. मग एन्झाइमऐवजी प्रतिपिंडे, म्हणजे अँटीबॉडी, दारावर रोवण्याची कल्पना पुढे आली. प्रतिपिंडाने आपले नेमके प्रथिन पकडायचे आणि त्या प्रथिनाच्या भाराने प्रवाह हलवायचा. हार्वर्डमध्ये चार्ल्स लीबर यांच्या गटाने २००१ मध्ये केसापेक्षा हजारो पटींनी बारीक सिलिकॉनच्या तारांवर प्रथिने ओळखणारे संवेदक करून दाखवले, आणि थेंबातून कर्करोग ओळखण्याच्या स्वप्नाला धार आली.

या स्वप्नाच्या आड येते ते मीठ.

खाऱ्या द्रवात कोणताही भारित रेणू एकटा राहत नाही. पुढारी गावात आला की कार्यकर्त्यांचे कडे पडते आणि चार पावलांवरून पुढारी दिसेनासा होतो, तसे विरुद्ध भाराचे आयन त्याच्याभोवती गोळा होतात आणि थोड्या अंतरावरून त्याचा भार जाणवेनासा होतो. या अंतराला पीटर डिबाय यांचे नाव आहे. रक्तात ते एका नॅनोमीटरहून कमी, सुमारे ०.८ नॅनोमीटर भरते. प्रतिपिंड स्वतःच दहा-पंधरा नॅनोमीटर लांब. त्याने आपल्या टोकाशी प्रथिन पकडले तरी ते पाटापासून इतके दूर राहते, की दाराला त्याची चाहूलही लागू नये. समुद्रात तर हे अंतर आणखी निम्म्यावर येते. पण पीएच मोजणाऱ्या ट्रान्झिस्टरचे त्याने काही बिघडत नाही, कारण हायड्रोजनचा आयन थेट दारालाच येऊन चिकटतो. कड्याच्या आत शिरून हात मिळवणाऱ्याला गर्दीचे काय? मीठ मुळात वैरी नाही, वैरी आहे ते अंतर. प्रयोगशाळेतला विक्रम आणि दवाखान्यातले अपयश यांच्यामधली बरीचशी दरी मला या एका वाक्यात दिसते.

यावर तोडगे आहेत, आणि ते खरे आहेत. सगळ्यात सोपा म्हणजे नमुना पातळ करणे. मीठ शंभरपट विरळ केले की दिसण्याचे अंतर दहापट वाढते. बातम्यांमधले पुष्कळ विक्रम अशा पातळ, स्वच्छ, मोजूनमापून बनवलेल्या द्रवातले असतात. पण रक्त गाळायचे, पातळ करायचे, तर पंप आला, स्वच्छ द्रव आला, निदान एक तंत्रज्ञ आला. ज्या सुटसुटीतपणासाठी ट्रान्झिस्टर निवडला तोच हातचा जातो. दुसरा तोडगा अधिक हुशारीचा. लांबलचक प्रतिपिंडाऐवजी डीएनएचा छोटा, घडी पडणारा धागा लावायचा. लक्ष्य पकडताना हा धागा आपला आकार बदलतो, आणि त्याचा स्वतःचाच भार दाराजवळ सरकतो किंवा दूर जातो. पकडलेल्या रेणूचा भार दिसला नाही तरी पकडणाऱ्याची हालचाल दिसते. २०१८ मध्ये या मार्गाने सेरोटोनिन, डोपामाइन आणि ग्लुकोज शरीरातल्याइतक्या खाऱ्या द्रवात ओळखले गेले. २०२२ मध्ये घामातले कॉर्टिसॉल मोजणारे मनगटी घड्याळही लॉस एंजेलिसमध्ये करून दाखवले गेले. मला हा रस्ता आशेचा वाटतो. मात्र प्रत्येक लक्ष्यासाठी असा योग्य धागा शोधणे हे वेळखाऊ काम आहे, आणि घामातल्या आकड्याचा रक्तातल्या आकड्याशी काय संबंध हे प्रत्येक पदार्थासाठी नव्याने सिद्ध करावे लागते.

ट्रान्झिस्टरच्या बाजूने सगळ्यात वजनदार पुरावा डीएनए वाचण्याच्या यंत्राचा आहे. डीएनएच्या साखळीत नवे अक्षर बसले की एक हायड्रोजन आयन सुटतो. जोनाथन रॉथबर्ग यांच्या आयन टोरेंट कंपनीने २०१० मध्ये लाखो सूक्ष्म विहिरी असलेली चिप बाजारात आणली. प्रत्येक विहिरीच्या तळाशी असा एक ट्रान्झिस्टर होता. एकेक अक्षर पाण्याबरोबर सोडायचे आणि कुठल्या विहिरीत आम्ल सुटले ते पाहायचे. पुढल्याच वर्षी त्यांनी याच पद्धतीने गॉर्डन मूर यांचा जनुकसंच वाचून प्रसिद्ध केला. चिपवर ट्रान्झिस्टरांची संख्या ठरावीक काळाने दुप्पट होत जाईल, असे म्हणणारे ते हेच मूर. निवड मोठी कल्पक होती, नाही का? पण इथे यश कशामुळे आले ते पाहावे. द्रव कोणता, त्यात किती मीठ, आम्ल गिळणारे काय आणि किती, हे सगळे कंपनीने आपल्या हातात ठेवले होते. शिवाय हायड्रोजन थेट दाराला चिकटतो. तरीही एकच अक्षर सहा-सात वेळा ओळीने आले की नेमके किती वेळा, याची मोजणी चुकत असे. आज या बाजारावर प्रकाश वाचणाऱ्या यंत्रांचेच वर्चस्व आहे.

दुसऱ्या पारड्यात घराघरातला ग्लुकोमीटर टाकावा. देशात १० कोटींहून अधिक मधुमेही असल्याचा अंदाज आयसीएमआरच्या अभ्यासाने २०२३ मध्ये मांडला. त्यांच्या घरातल्या कपाटात जो जैवसंवेदक आहे, त्याच्या पट्टीत ट्रान्झिस्टर नाही. पट्टीवरचे एन्झाइम साखरेतून इलेक्ट्रॉन काढते आणि यंत्र त्यांचा प्रवाह मोजते. भार दिसतो की नाही हा प्रश्नच नाही, भार स्वतः चालत येतो. आणि साखर असते तरी किती! उपाशीपोटी शंभर मिलिलिटर रक्तात सुमारे ९० मिलिग्रॅम. हृदयविकाराचा झटका ओळखायला जे ट्रोपोनिन मोजतात, त्याची धोक्याची पातळी एका प्रचलित चाचणीत लिटरला १४ नॅनोग्रॅम, म्हणजे वजनाने साखरेच्या सहा कोटींव्या भागाहूनही कमी. एका यशावरून दुसऱ्याची ग्वाही देणे म्हणजे विहिरीतून पाणी काढणाऱ्याने दवबिंदू मोजण्याचा ठेका घेण्यासारखे आहे. पट्टीचा आणखी एक गुण सहज नजरेतून सुटतो: ती एकदा वापरून फेकतात. वाचन सरकायला तिला वेळच मिळत नाही. सिलिकॉनची चिप महाग म्हणून जपून ठेवावी, तर ती सरकते. फेकावी, तर स्वस्ताईचा हिशेब बिघडतो.

महासाथीच्या काळात हीच तुलना आपल्या डोळ्यांसमोर घडली. एप्रिल २०२० मध्ये दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी ग्राफीनच्या ट्रान्झिस्टरवर कोरोना विषाणू ओळखून दाखवला. काम उत्तम होते आणि वेगाने झाले होते. आपल्याकडे मात्र कामाला आली ती कागदाची पट्टी. तिच्या उत्पादक कंपनीच्या नावातच ‘बायोसेन्सर’ होते, ही एक गंमत. जून २०२० मध्ये आयसीएमआरने तिला परवानगी दिली तेव्हा तिची संवेदनशीलता ५०.६ ते ८४ टक्के एवढीच आढळली होती. तरी ती उपयोगी पडली, कारण तिच्यासोबत एक नियम होता: आजार आहे असे निघाले तर माना, नाही असे निघाले आणि लक्षणे असतील, तर आरटी-पीसीआर करा. कमकुवत चाचणीलाही नीट नियमाची जोड मिळाली की ती कामाची होते. क्षयरोगासाठी गोव्याच्या मोलबायो कंपनीचे ट्रूनॅट हे बॅटरीवर चालणारे यंत्र याच काळात जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीपर्यंत पोचले. तेही संकेत प्रकाशातूनच वाचते. सुटसुटीत यंत्र व्हायला ट्रान्झिस्टरच हवा, असे मुळीच नाही.

नियमाचा मुद्दा इथेच संपत नाही. अशी कल्पना करू, की रक्तातल्या एखाद्या आजारासाठी ९५ टक्के अचूक संवेदक उद्या खरोखर हाती आला आणि आशाताईंनी तो गावातल्या हजार धडधाकट माणसांवर वापरला. त्यांतल्या दहांना तो आजार आहे. दहांपैकी नऊ-दहा सापडतील, हे छानच. पण उरलेल्या ९९० निरोग्यांपैकी पन्नासेक जणही आजारी ठरतील. म्हणजे ज्यांना ‘तुम्हाला आजार आहे’ असे सांगितले गेले, त्यांतल्या सहांपैकी पाच जणांना तो नाहीच. ते जिल्ह्याच्या गावी खेटे घालणार, रोजंदारी बुडवणार, रात्री जागणार. हा दोष ट्रान्झिस्टरचा नाही, कुठल्याही चाचणीचा आहे. पण चाचणी जितकी स्वस्त आणि सोपी, तितकी ती नको तिथे वापरण्याचा मोह मोठा. एका थेंबात सारे काही, या आश्वासनावर थेरानोस कंपनीने अब्जावधी डॉलरचे मूल्य उभे केले आणि जानेवारी २०२२ मध्ये तिच्या संस्थापिका एलिझाबेथ होम्स गुंतवणूकदारांची फसवणूक केल्याबद्दल दोषी ठरल्या. ते तंत्रज्ञान वेगळे होते, पण थेंबाचा मोह हाच.

मग हात आखडावा का? नाही. या चिपला अगदी नव्या, अतिबारीक तंत्राचा कारखाना लागत नाही. जुन्या, स्थिरावलेल्या प्रक्रियेवर ती होते, आणि मोहालीच्या सरकारी सेमीकंडक्टर प्रयोगशाळेतली १८० नॅनोमीटरची क्षमता या कामाला पुरावी. मुंबईच्या आयआयटीत नॅनोइलेक्ट्रॉनिक्सचे केंद्र गेली कित्येक वर्षे उभे आहे. जाणकार माणसे आहेत. पण खर्चाचा आणि कटकटीचा मोठा वाटा चिपमध्ये नसतो. तारांना ओलावा न लागू देणे, एन्झाइम किंवा प्रतिपिंडाचा थर टिकवणे, संदर्भासाठी लागणारे इलेक्ट्रोड छोटे आणि स्थिर करणे, ही खरी कामे. बर्गफेल्ड यांनी सुरुवातीला संदर्भ इलेक्ट्रोडशिवायच भागवले होते आणि त्यावरून पुढे बराच वाद झाला. पन्नास वर्षे उलटली तरी तो तुकडा अजून नीट लहान झालेला नाही. ही कामे बातमीत येत नाहीत, त्यांच्यावर चटकन शोधनिबंधही होत नाहीत, म्हणून पैसा तिकडे वळत नाही. तो वळवावा.

आणि पहिला वापर रक्तात करण्याचा हट्ट सोडावा. पाणी, माती, दूध ही यंत्राला जमणारी क्षेत्रे आहेत, असे म्हणायचा मोह होतो. दुधाचेच घ्या. युरिया दुधात मुळातच थोडा असतो, त्यामुळे ‘आहे का’ असे विचारून भागत नाही, ‘किती’ हे विचारावे लागते; आपल्याकडची मर्यादा ७०० पीपीएम आहे. युरियाचे एन्झाइम लावलेला ट्रान्झिस्टर ‘किती’ सांगू शकतो. मात्र दूधही रक्तासारखेच आम्ल-अल्क गिळते आणि स्निग्धांश दारावर साचतो. आणि इथली चूक कुणाचा जीव घेत नाही म्हणून ती निरुपद्रवी, असेही समजू नये. संकलन केंद्रावर फॅट आणि एसएनएफच्या आकड्यावर पैसे ठरतात. सरकलेल्या संवेदकाने दूध भेसळीचे ठरवले, तर दोन गाईंवर घर चालवणाऱ्या बाईची किटली परत जाते. तिच्या हातात दुसऱ्या तपासणीची मागणी करायचा हक्क आहे का, हे आधी पाहावे. यंत्र नंतर घ्यावे. हा हक्क देता येत असेल, तर दूध संघांनी अशा यंत्रांची चाचणी जरूर सुरू करावी, असे माझे मत आहे. रक्ताच्या बाबतीत मी अजून पाच-सात वर्षे प्रयोगशाळेलाच पैसे देईन, खरेदीला नाही.

खरेदीची वेळ आली, तर निविदेत दोन अटी असाव्यात. संवेदकाची कामगिरी न पातळ केलेल्या, न गाळलेल्या रक्तावर मोजलेली असावी. ‘किती सूक्ष्म प्रमाण ओळखतो’ हा आकडा त्या रक्ताचा नसेल तर तो पुढे केलेला चालणार नाही. आणि ही मोजणी वातानुकूलित खोलीत नव्हे, मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यातल्या एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, पारा ४५ अंशांवर असताना, महिनाभर कपाटात पडून राहिलेल्या चिपवर व्हावी.